नोकरी सोडून स्वतंत्र कृषिसल्ला : निर्णयापूर्वीचा हिशेब

कृषि विषयाची पदवी घेतलेले तरुण आज आपल्या खेड्याखेड्यांतून दिसू लागले आहेत. त्यांपैकी काही सरकारी खात्यात आहेत, काही बँकांत, तर पुष्कळसे बियाणे, खते व औषधे विकणाऱ्या खाजगी कंपन्यांकडे पगारावर आहेत. ह्यांपैकी अनेकांच्या मनात केव्हा ना केव्हा एक विचार येतोच : दुसऱ्याची नोकरी करण्यापेक्षा आपले ज्ञान घेऊन आपणच कास्तकारांकडे जावे, त्यांना सल्ला द्यावा व त्याचा मोबदला घ्यावा. हा विचार चांगला आहे. परंतु तो अमलात आणावयाचा की नाही, हे कसे ठरवावे ह्याविषयी लिहिलेले फारसे आढळत नाही. म्हणून हा लेख.

गेल्या उन्हाळ्यात आर्वी तालुक्यातील एक तरुण ह्याच प्रश्नासाठी माझ्या कार्यालयात आला. घरची आठ एकर शेती, कृषीची पदवी व एका कंपनीत विक्री प्रतिनिधीची नोकरी. महिन्याला ठरलेला पगार मिळत होता. पण दर महिन्याला ठरलेला माल खपवावा लागे आणि ज्या शेतात त्या औषधाची गरज नाही तेथेही ते सुचवावे लागे. “साहेब, मला हे जमत नाही. मी राजीनामा देऊ का?” असे त्याने सरळ विचारले. बरोबर त्याचे वडील आले होते. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “पोरगं हुशार हाये, साहेब. पण हुशारीचे पैसे पाडव्याले हाती येतीन का?”

मला वाटते, वडिलांचा प्रश्न मुलाच्या प्रश्नापेक्षा अधिक नेमका होता. खरे सांगावयाचे तर मीही त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही, कारण तोच प्रश्न माझ्याही मनात दोन वर्षे घोळत होता. मी दोघांना पंधरा दिवसांनी यावयास सांगितले, आणि त्या पंधरा दिवसांत जे मांडून पाहिले तेच येथे देत आहे.

सालदारी आणि मक्त्याची शेती ह्यांतील फरक आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. सालदाराचे साल पाडव्याला ठरते. पीक बुडाले तरी त्याचे ठरलेले त्याला मिळते. मक्त्याने शेत करणाऱ्याला आधी मक्ता भरावा लागतो व उत्पन्न मागाहून येते, आले तर. पगाराची नोकरी ही सालदारी होय आणि स्वतंत्र सल्ला ही मक्त्याची शेती होय. मक्त्याने शेत घेणारा माणूस घेण्यापूर्वी त्या शेताची माती पाहतो, विहिरीचे पाणी पाहतो, मागील तीन वर्षे त्यात काय पिकले ते विचारतो. पदवीधर तरुण मात्र बहुधा आपल्या अंगच्या ज्ञानाकडे पाहतो व राजीनामा लिहितो. गिऱ्हाईक कोण, ते पैसे कशासाठी देईल आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा देईल काय, हे पाहावयाचे राहून जाते.

आपल्याकडे सल्ला विकत घेण्याची सवय का नाही, ह्याला इतिहास आहे. 2 ऑक्टोबर 1952 रोजी देशात सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि पाठोपाठ 1953 साली राष्ट्रीय विस्तार सेवा आली. तेव्हापासून गावात येऊन शेतीची माहिती देणारा माणूस हा सरकारचा माणूस व त्याचा सल्ला फुकट, हे कास्तकाराच्या मनात ठसलेले आहे आणि ते योग्यच आहे. सेलसुरा येथील कृषि विज्ञान केंद्र, अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ, नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था ह्यांचाही सल्ला शेतकऱ्याला विनामूल्य मिळतो. त्याच्या जोडीला गावच्या बाजारातील कृषि सेवा केंद्राचा दुकानदारही फुकट सल्ला देतो. फक्त त्याची किंमत औषधाच्या बाटलीत मिसळलेली असते. अशा ठिकाणी जो तरुण केवळ माहिती विकावयास जाईल, त्याची माहिती कोणीही विकत घेणार नाही.

तरीही महाराष्ट्रात सल्ला विकला जातो. नाशिक व सांगलीकडील द्राक्ष बागायतदार एकरी दराने किंवा भेटीच्या दराने खाजगी सल्लागार नेमतात, आणि ही पद्धत तेथे चांगली रुळलेली आहे. तेथील शेतकरी अधिक पुढारलेला म्हणून हे घडते असे काही लोक म्हणतात. मला ते पटत नाही. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर द्राक्षवेलीवर जवळजवळ रोज काही ना काही निर्णय घ्यावा लागतो. पाऊस आला की केवडा येतो, दोन दिवसांचा उशीर घड घालवितो. आणि माल परदेशी जावयाचा असल्यास औषधाचा अंश मर्यादेपेक्षा अधिक सापडला तर सगळा माल नाकारला जातो. चुकीची किंमत मोठी व निर्णय वारंवार, ह्या दोन गोष्टी जेथे एकत्र येतात तेथे शेतकरी सल्लागाराला पैसे देतो. जेथे ह्यांपैकी एकही नाही तेथे तो देत नाही, आणि त्याने देऊही नयेत.

ही कसोटी आपल्या जिल्ह्यास लावून पाहू. सोयाबीनचे घरचे बियाणे पेरण्यापूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावे व सत्तर किंवा अधिक उगवल्यास ते बियाणे नेहमीच्या प्रमाणात वापरावे, ही गोष्ट एकदा दाखविली की कास्तकार पुढच्या वर्षी स्वतःच करतो. तिच्यासाठी दुसऱ्यांदा पैसे कोण देईल? तशा गोष्टी शिकविणे हे विस्तार कार्यकर्त्याचे काम आहे, ते व्यापाराचे नव्हे.

पऱ्हाटीवरील गुलाबी बोंडअळीचे तसे नाही. 2017 साली विदर्भात ह्या अळीने केलेले नुकसान सर्वांच्या स्मरणात आहे. हेक्टरी पाच कामगंध सापळे लावावे. सापळ्यात सतत तीन रात्री प्रत्येकी आठ किंवा अधिक पतंग सापडल्यास, अथवा एकरातून निरनिराळ्या झाडांची वीस हिरवी बोंडे फोडून दोनांत अळी आढळल्यास फवारणी करावी, ही शिफारस सर्वांना माहीत आहे. पण दर आठवड्याला शेतात फिरून बोंडे फोडणारा, पतंग मोजणारा आणि “ह्या आठवड्यात फवारू नका” असे छातीठोकपणे सांगणारा माणूस किती जणांजवळ आहे? येथे शिफारस फुकट आहे, मात्र पाहणी दुर्मिळ आहे. विकण्यासारखी वस्तू असलीच तर ती ही पाहणी होय.

संत्र्याची गोष्ट ह्याहून पुढची आहे. आर्वी, आष्टी व कारंजा तालुक्यांतील बागायतदाराला आंबिया बहारासाठी हिवाळ्यात ताण केव्हा द्यावयाचा, केव्हा तोडावयाचा, फळगळ कीडीने की बुरशीने की अन्नद्रव्यांच्या कमतरतेने, हे निर्णय वर्षभर घ्यावे लागतात आणि चूक झाली तर सबंध बहार हातचा जातो. समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्या बेणेप्रक्रियेपासून शिजविण्यापर्यंतच्या कामातही जाणकार नजरेला किंमत आहे. म्हणजे आपल्या जिल्ह्यात सल्ल्याला गिऱ्हाईक नाही असे नाही. ते थोडे आहे व विखुरलेले आहे.

आता रुपयांकडे वळू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या भागातील दर घालून पाहावे.

समजा, तरुणाचा पगार महिना 30,000 रुपये, म्हणजे वर्षाला 3,60,000 रुपये आहे. जूनच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सुमारे तीस आठवडे कापूस, सोयाबीन व तुरीच्या पाहणीचे. आठवड्यातून पाच दिवस, दिवसाला सहा शेते, प्रत्येक शेताला पंधरा दिवसांतून एक भेट, असे धरले तर एक माणूस साठ कास्तकार सांभाळू शकेल. प्रत्येकाचे सरासरी पाच एकर म्हटल्यास 300 एकर झाले. एकरी 600 रुपये हंगामाचे ठरले तर 1,80,000 रुपये होतात. ह्यातून सहावा हिस्सा वसूल होणार नाही असे धरावे. मी तर आणखी जास्त धरीन. 30,000 गेले. दिवसाला साठ किलोमीटर मोटारसायकल म्हणजे हंगामात 9,000 किलोमीटर. लिटरला पंचेचाळीस किलोमीटर व पेट्रोल 105 रुपये धरून 21,000 रुपये. गाडीची दुरुस्ती, दूरध्वनी, सापळे, भिंग, छापील चिठ्ठ्या ह्यांचे 15,000. शिल्लक राहिले 1,14,000 रुपये.

आठवड्याच्या सहाव्या दिवशी वीस संत्रा बागा महिन्यातून एकदा पाहावयाच्या, प्रत्येकी चार एकर, एकरी वर्षाचे 2,000 रुपये. वसुली पूर्ण झाली असे मानून 1,60,000, त्यातून प्रवासाचे 8,000 वजा. दोन्ही मिळून 2,66,000 रुपये. पगारापेक्षा हे 94,000 रुपयांनी कमी आहे, आणि नोकरीत मालक भविष्य निर्वाह निधीत जी भर घालतो ती तर मोजलेलीच नाही.

हे झाले बसलेल्या घडीचे. पहिल्या वर्षी साठांऐवजी तीस कास्तकार मिळाले व बागा एकही मिळाली नाही, तर जमा 90,000. सहावा हिस्सा बुडीत म्हणजे 15,000. गावे विखुरलेली असल्यामुळे खर्च मात्र तोच 36,000. राहिले 39,000 रुपये. महिन्याला सव्वातीन हजार! हा आकडा मी त्या तरुणापुढे ठेवला तेव्हा त्याने तो दोनदा तपासला. वडिलांनी तपासला नाही.

ह्या हिशेबात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. पगार दर महिन्याला येतो. सल्ल्याचा पैसा कापूस विकल्यावर येतो. सोयाबीन बाजारात गेले, हिंगणघाटच्या बाजारात कापसाची गाडी लागली, म्हणजे मग सल्लागाराची आठवण व्हावयाची, आणि भाव पडलेला असेल तर तीही नाही. शरद जोशी ह्यांनी स्वित्झर्लंडमधील बर्न येथील जागतिक टपाल संघटनेची नोकरी सोडली, 1970 नंतरच्या दशकात ते मायदेशी परतले आणि चाकणजवळ आंबेठाण येथे कोरडवाहू जमीन घेऊन शेती करू लागले. शेती करून व हिशेब ठेवून त्यांनी जो निष्कर्ष काढला तो उत्पन्न कमी असल्याचा नव्हता, तर पिकाला मिळणाऱ्या भावात उत्पादनखर्चच भरून येत नसल्याचा होता. त्यांची पुढील सारी चळवळ त्यावर उभी राहिली. त्या चळवळीविषयी कोणाचे मत काहीही असो, नोकरी सोडणाऱ्याने त्यातून एवढे घ्यावे की, ज्याच्या खिशावर आपण विसंबणार तो खिसाच पुष्कळ वेळा रिकामा असतो. म्हणून दीड वर्षाचा घरखर्च शिलकीत असल्यावाचून राजीनामा देऊ नये. हा दीड वर्षाचा घरखर्च कर्ज काढून उभा केलेला नसावा.

कर्जाचा विषय निघाला म्हणून सांगतो. कृषि पदवीधरांनी स्वतःचा व्यवसाय करावा ह्यासाठी केंद्र सरकारने 2002 साली कृषि चिकित्सालय व कृषि व्यवसाय केंद्र योजना सुरू केली. हैदराबादच्या राष्ट्रीय कृषि विस्तार व्यवस्थापन संस्थेच्या देखरेखीखाली 45 दिवसांचे निवासी प्रशिक्षण विनामूल्य मिळते. त्यानंतर बँकेच्या कर्जाला जोडून नाबार्डमार्फत अनुदान देण्याची सोय त्या योजनेत ठेवण्यात आली, सर्वसाधारण उमेदवारास प्रकल्पखर्चाच्या 36 टक्के व महिला तसेच अनुसूचित जातिजमातींच्या उमेदवारांस 44 टक्के. प्रशिक्षण जरूर घ्यावे. अनुदानाकरिता मात्र घाई करू नये. अर्ज करतेवेळी चालू वर्षाचे नियम बँकेत विचारून घ्यावेत. बँकेला कर्जासाठी काही वस्तू दिसावी लागते : दुकान, गोदाम, यंत्र. नुसती पाहणी बँकेला दिसत नाही. त्यामुळे सल्ला देण्यास निघालेला तरुण शेवटी औषधाचे दुकान टाकून बसतो.

दुकानात गैर काही नाही. कीटकनाशके कायदा, 1968 अन्वये परवाना घेऊन कोणीही प्रामाणिकपणे ते चालवावे. पण तो वेगळा धंदा आहे. ज्याची चूल औषधाच्या खपावर पेटते त्याला “ह्या आठवड्यात फवारू नका” हे वाक्य जड जाते. 2017 च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले. अनेक औषधांची मिश्रणे, संरक्षक कपड्यांचा अभाव, उंच वाढलेली पऱ्हाटी अशी कारणे त्या वेळी पुढे आली. कोणते औषध, किती, कशाबरोबर मिसळावयाचे नाही, हे ज्याला विक्रीत रस नाही अशा माणसाने शेताच्या धुऱ्यावर उभे राहून सांगणे, हीच स्वतंत्र सल्लागाराची खरी गरज. तेव्हा त्याने चिठ्ठीवर कंपनीचे नाव न लिहिता औषधातील घटकाचे नाव, प्रमाण व तारीख लिहावी, आणि चिठ्ठीची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी.

प्रत ठेवण्याचे दुसरेही कारण आहे. मोबदला घेऊन दिलेली सेवा ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कक्षेत येते. फुकट सल्ला चुकला तर लोक नाव ठेवतात. विकत दिलेला चुकला तर जिल्हा ग्राहक आयोगापुढे उत्तर द्यावे लागू शकते. नोकरीत चुकीची जबाबदारी खाते किंवा कंपनी उचलते, हे नोकरी सोडताना सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

सरकारी नोकरीतील बंधूंसाठी आणखी थोडे. नोकरीत राहून “आधी थोडे करून पाहू” हा मार्ग आपणास मोकळा नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 नुसार शासनाच्या पूर्वपरवानगीवाचून खाजगी व्यवसाय करता येत नाही. पत्नीच्या नावाने फलक लावून स्वतः फिरणे ही पळवाट तर मुळीच धरू नये. 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी नेमलेल्यांनी नुसता राजीनामा दिल्यास निवृत्तिवेतनासाठी धरावयाची मागील सेवा जाते. वीस वर्षे अर्हताकारी सेवा झाली असल्यास स्वेच्छानिवृत्तीचा मार्ग निराळा आहे. त्या तारखेनंतरच्यांचे अंशदानाचे खाते त्यांच्याच नावावर राहते, परंतु त्यातील रक्कम हाती घेण्यावर बंधने आहेत. खाजगी कंपनीतील तरुणांनीही आपले नेमणूकपत्र पुन्हा वाचावे. पुष्कळ पत्रांत नोकरीत असताना दुसरे काम करण्यास मनाई असते.

मग पैसे न घेता पाहावयाचे कसे? मी एक नोंदवही केली आहे. तिच्यात, मला विचारले गेलेले प्रश्न मी लिहितो : कोणी विचारला, कोणत्या पिकाचा, कोणत्या तारखेस, मी काय सांगितले, त्याने तसे केले काय, आणि तोच माणूस त्याच हंगामात पुन्हा आला काय. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. एकदा विचारणारे फार असतात. पुन्हा पुन्हा येणारे, सांगितल्याप्रमाणे करणारे व मला शेतावर नेण्यासाठी स्वतःचा वेळ मोडणारे कास्तकार हेच उद्याचे गिऱ्हाईक. माझ्या वहीत असे कास्तकार बहुतेक संत्रा बागायतदार निघाले. कोरडवाहू कास्तकार फारच थोडे. मी कपाशीचा माणूस समजला जातो, त्यामुळे हे पाहून मला थोडे वाईट वाटले, परंतु वही खोटे बोलत नाही.

कास्तकार बंधूंनीही, कोणी सल्लागार दारी आल्यास त्याला तीन गोष्टी विचाराव्यात : तू औषध विकतोस काय किंवा कोणाकडून कमिशन घेतोस काय, हंगामात किती वेळा शेतात येशील व ते लिहून देशील काय, आणि पैसे एकदम न घेता पेरणीला थोडे, मध्ये थोडे व वेचणीनंतर उरलेले असे घेशील काय. शेवटची अट सल्लागारालाही सोयीची आहे, कारण पेरणीच्या वेळी ज्याने शंभर रुपये दिले तो त्याची वाट पाहतो.

ठरल्याप्रमाणे पंधरा दिवसांनी बापलेक पुन्हा आले. त्या वेळी मृग लागावयास थोडेच दिवस होते आणि हंगामाच्या तोंडावर नोकरी सोडणे म्हणजे पेरणीच्या दिवशी बैल विकणे, हे वडिलांनीच मुलाला सांगितले. सोडावयाची असेल तर दिवाळीनंतर, हिवाळ्यात बागांच्या ताणाच्या वेळी सुरुवात करावी आणि पाडव्यापर्यंत पुढील हंगामाचे कास्तकार नोंदवून घ्यावेत, असे मी सुचविले. तरुणाने तसे कबूल केले. पण विक्रीच्या कामाबद्दल त्याच्या मनात जी खंत होती ती काही माझ्या हिशेबाने गेली नाही. “तोवर गरज नसलेले औषध मी विकत राहू काय?” असे त्याने जाता जाता विचारले. त्याचा पगार त्या विक्रीवर आहे, त्यामुळे मला उत्तर सुचले नाही. पुढे पावसाळ्यात तो एकदा भेटला. त्याने त्या महिन्याचा ठरलेला माल खपविला नव्हता, व त्याचा पगार कापला गेला होता. खिशातून त्याने एक लहान वही काढून दाखविली. तिच्यात अकरा कास्तकारांची नावे होती आणि सातांपुढे ‘पुन्हा आला’ असे लिहिलेले होते.